घरचं पान, परका हात

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये एक नियम आहे. तो कुठे छापलेला नाही, पण छापलेल्या नियमांपेक्षा जास्त पाळला जातो. जुन्या नोंदींची नक्कल करणाऱ्याने स्वतःच्या घरच्या नोंदीला हात लावायचा नाही. आपल्या आजोबांचं नाव समोर आलं की पेन खाली ठेवायचं, पान शेजारच्या टेबलाकडे सरकवायचं आणि म्हणायचं, "तुम्ही लिहा, घरचं पान आहे." कारण उघड आहे. आपल्या माणसाचं लिहिताना भल्याभल्यांचा हात वाकडा पडतो. कुणाचं वय दोन वर्षांनी कमी होतं, तर कुणाच्या काकांची पहिली बायको अलगद पुसली जाते.

मी या खोलीत चौतीस वर्षं फाटकी रजिस्टरं दुरुस्त करतो आहे. माझे वडीलही इथेच नक्कलनवीस होते. फार पूर्वी नोंदणी कचेरीला आग लागली होती. तिच्यातून वाचलेली जळकी पानं वाचायची आणि नव्या रजिस्टरात जशीच्या तशी उतरवायची, हे त्यांचं काम. मूळ पानात चूक असली तर चूकही उतरवायची आणि तिच्याखाली एक टिंब द्यायचं, एवढंच स्वातंत्र्य. वडिलांनी जन्मात पदरचा स्वल्पविराम घातला नाही, म्हणून सगळे त्यांना 'स्वल्पविराम' म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, निवृत्तीच्या दिवशी तोंडावर म्हणाले. वडील हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

हा घरच्या पानाचा नियम त्यांनी घरातही आणून ठेवला होता. माझ्या शाळेच्या अर्जावर माझं नाव शेजारच्या न्हाव्याने लिहिलं, कारण वडिलांनी पेनला हात लावला नाही. न्हाव्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आई तणतणायची की, जगाला मोत्याचं अक्षर आणि पोटच्या पोराला हे. माझ्या वह्यांची कव्हरं, लग्नाच्या पत्रिकेवरचे पत्ते, सगळं आईनेच लिहिलं. वडिलांच्या हातचं माझं नाव असलेला एक चिटोरा आजही माझ्याकडे नाही.

वडिलांकडचं आमचं कुणीच नव्हतं. "सगळे साथीत गेले," एवढं एकदा म्हणाले, पुढे ताकास तूर लागू दिली नाही. मित्रांच्या घरी आत्या यायच्या, काका यायचे, भांडायचे, रुसून जायचे, परत यायचे. मी त्या भांडणांवरही जळायचो. मला माझ्या रक्ताचं कुणीतरी हवं होतं. सत्तावन्नाव्या वर्षीही हवंच होतं, फक्त बोलून दाखवायची लाज वाटत होती. आमच्या घराण्याचं पान कोणत्या रजिस्टरात आहे ते मला ठाऊक होतं: तिसरं कपाट, खालचा कप्पा. पण नियम तो नियम. शिवाय खरं सांगायचं तर भीती होती. त्या पानावर मेलेल्यांच्या तारखांपलीकडे काही नसलं तर काय करा?

एका सोमवारी अर्जांच्या ट्रेमध्ये एक अर्ज आला. अर्जदार बाई, वय अठ्ठ्याऐंशी. माहेरच्या घराच्या पानाची नक्कल हवी आहे. खाली आईचं नाव, वडिलांचं नाव आणि धाकट्या भावाचं नाव. वडिलांचं नाव ते माझ्या आजोबांचं. आईचं ते आजीचं. भाऊ म्हणजे माझे वडील. मी अर्ज तीनदा वाचला. उठून पाणी प्यायलो आणि चौथ्यांदा वाचला.

माझ्या शेजारच्या टेबलावर भिंगताई बसतात. हातात कायम भिंग असतं म्हणून भिंगताई. मी अर्ज त्यांच्यापुढे धरला, तर त्यांनी तो भिंगातून वाचला आणि म्हणाल्या, "अहो, ही तुमची सख्खी आत्या की हो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी तर वळसाही घातला नव्हता. चौतीस वर्षं लोकांचे आजोबा-पणजोबा शोधून दिले आणि माझी आत्या याच गावात, बसने वीस मिनिटांवर जिवंत. घरचं काम म्हणून मी अर्ज भिंगताईंकडेच दिला आणि संध्याकाळी पत्त्यावर जाऊन उभा राहिलो.

तिच्या मुलाचं पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत एक लोखंडी खाट, खिडकीत तांब्याच्या तारेची रिळं आणि खाटेवर ती. एवढीशी बाई. मी कोण ते सांगितलं. ती जाड चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिली.

"बाप काय करायचा?" तिने विचारलं.

नक्कलनवीस होते म्हटलं. इथल्याच रेकॉर्ड रूममध्ये का, असं विचारलं, तर हो म्हटलं. आता कुठे असतो, असं विचारलं, तेव्हा अकरा वर्षांपूर्वी गेले म्हणून सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे वळवलं. बहिणीचं दुःख आहे, असं मी समजलो. मग मी काहीतरी विचारायला गेलो, "तुम्ही इतकी वर्षं..." तर तिने मला मध्येच तोडलं.

"आत्याला कुणी अहो-जाहो करतं का? अगं म्हण."

माझ्यासारखा ठोंब्या माणूस त्या खाटेच्या कडेला बसून रडला. तिने माझा हात धरून ठेवला होता. तिचा मुलगा दारात चहाचे कप घेऊन उभा राहिला आणि तसाच मागे गेला. मी विचारलं की, तू माझ्या वडिलांना कधी भेटली कशी नाहीस, तर म्हणाली, "ते पान येऊ दे, मग बोलू." म्हातारपणी माणूस एखाद्या गोष्टीचा हेका धरतो, तसलं काहीतरी असेल असं मला वाटलं.

पुढचे दहा दिवस मी वेडा झालो होतो. 'आमची आत्या' हा शब्द मी दिवसातून वीस वेळा कुठेही घुसडत होतो. बसच्या रांगेत एका अनोळखी माणसाला सांगितलं. मुलीला फोन करून तिला आजीची बहीण नाही, आजोबांची बहीण मिळाली असं तीनदा समजावलं. बायको म्हणाली, आता पुरे, माझ्या माहेरच्या सहा आत्यांपैकी चार घेऊन जा. मी आत्याकडे चारदा जाऊन आलो. ती फार बोलायची नाही. निघताना मात्र दरवेळी विचारायची, पान कधी येणार?

गुरुवारी दुपारी भिंगताईंनी भिंग खाली ठेवलं. त्या भिंग खाली ठेवतात तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं.

"जरा येता इकडे?"

त्यांनी पानावर टीपकागद झाकून फक्त तळ उघडा ठेवला होता. नक्कल करणारा पानाच्या तळाशी आपला क्रमांक आणि तारीख टाकतो. तिथे सात आकडा होता. सात म्हणजे माझे वडील. आमच्या घरी अजून त्यांचा सात नंबरचा पत्र्याचा डबा आहे, बायको त्यात बटणं ठेवते.

"आकडा चुकला असेल," मी म्हटलं.

त्यांनी टीपकागद काढला. हाताच्या काकणाला आरसा कशाला? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता ओढलेली शिरोरेघ, तीच ती. आमच्या घराण्याचं पान वडिलांनी स्वतः लिहिलं होतं.

बाकीच्या टेबलांवरची माणसंही उठून आली. स्वल्पविरामांनी घरचं पान लिहिलं? एकदा शर्टाला अडकून कचेरीची टाचणी घरी आली, तर हा माणूस जेवण टाकून ती परत द्यायला गेला होता. तो नियम मोडेल? मी भिंगताईंना म्हणालो की, शक्यच नाही, हात झडला असता तरी त्यांनी नियम मोडला नसता. आणि हे बोलताबोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी नियम मोडलाच नव्हता. हे पान लिहिलं तेव्हा ते त्यांच्या घरचं नव्हतं.

मी खुर्ची न बघताच मागे बसलो, नशिबाने खुर्ची तिथे होती.

पुढचं काम भिंगताईंनीच केलं. प्रत्येक जळक्या रजिस्टराचे मूळ तुकडे पाकिटांत ठेवलेले असतात. त्यांनी चिमट्याने आमच्या पानाचे तुकडे काचेवर मांडले. कडा काळ्या, मधला भाग स्वच्छ. मृत्यूच्या रकान्यात तीन ओळी होत्या. पहिली आजोबांची. दुसरी आजीची, पाच दिवसांनी. तिसरी आजीनंतर तीन दिवसांनी: मुलगा, वय वर्षे चार, ताप. आणि नाव. माझ्या वडिलांचं नाव.

नव्या पानावर दोनच ओळी होत्या. पहिल्या ओळीत मूळ लेखनिकाने महिना चुकवला होता, तो वडिलांनी तसाच उतरवून खाली टिंब दिलं होतं. तिसऱ्या ओळीची जागा कोरी.

कुणीतरी वडिलांची नोकरीची जुनी फाइल काढून आणली. पहिल्याच कागदावर होतं: अनाथालयातून आलेला, जन्माची नोंद नाही, तीन महिन्यांत आणावी, अन्यथा नेमणूक रद्द. आमचं पान लिहिल्याची तारीख त्या कागदानंतर दोन महिन्यांची होती.

मला इतका राग आला की कानशिलं तापली. ज्या माणसाने मला शाळेत एक खोटी रजाचिठ्ठी दिली नाही, त्याने एका चार वर्षांच्या मुलाचं मरण गाळलं आणि त्याच्या जागेवर जाऊन बसला. माझं आडनाव चोरीचं. आजोबा चोरीचे, आजी चोरीची. आणि दहा दिवसांपूर्वी मिळालेली आत्या? ती बिचारी आपल्या भावाचा मुलगा म्हणून माझा हात धरून बसत होती. तिचा भाऊ अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी मेला होता आणि त्याच्या नावावर जगलेल्या माणसाचा मुलगा तिच्या खाटेवर बसून रडला होता. आता हे तिला सांगायचं की नाही? सांगितलं तर मला जन्मात मिळालेलं एकमेव माणूस जातं. नाही सांगितलं तर चोराचा मुलगाही चोर.

दुसऱ्या दिवशी पानाची नक्कल पिशवीत घालून गेलो. पंख्याची पाती दुकानभर पसरली होती, त्यांतून वाट काढत मागच्या खोलीत शिरलो. सांगायचंच असं ठरवलं होतं, पण तोंडून निघालं ते भलतंच.

"बरं आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं.

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला.

"परत अहो-जाहो," ती म्हणाली. "म्हणजे पान आलं."

मी उभाच राहिलो. तिने हात पुढे केला, मी नक्कल दिली. तिने बोट ओळींवरून खाली नेलं, एक, दोन, आणि कोऱ्या जागेवर थांबवलं.

"नाहीच लिहिली त्याने."

"तुम्हाला माहीत होतं?"

"धाकटा माझ्या मांडीवर गेला. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

तिने बस म्हटलं, मी बसलो. मग ती सांगत गेली, डाळ निवडल्यासारखी, एकेक वाक्य बाजूला ठेवत. नवीन रजिस्टरं लिहिताना नक्कलनवीस जळकी पानं घेऊन जिवंत साक्षीदारांकडे जायचे, ओळी वाचून दाखवायचे, बरोबर आहे का विचारायचे. तिच्याकडे एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा आला. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची. त्याने पहिली ओळ वाचली, ती बरोबर म्हणाली. दुसरी वाचली, बरोबर म्हणाली.

"तिसरी वाचली आणि मी म्हटलं, ही लिहू नको. आई-बाप गेल्याचं सगळ्यांनी बोलून दाखवलं होतं. त्याचं कुणी मोठ्याने बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. वाटलं, नाही लिहिलं तर कागदावर तरी मोठा होईल."

"आणि ते ऐकले?"

"छे. म्हणाला, ताई, मला पदरचं लिहिता येत नाही. मी म्हटलं, लिही कुठे म्हणते, गाळ म्हणते. तीन दिवस रोज यायचा, नाही म्हणायला. तिसऱ्या दिवशी नाही म्हणताना रडला. तेव्हा कळलं की, त्याला आगापिछा नाही, आणि जन्माची नोंद नसली तर नोकरी जाणार. मग मीच म्हटलं, माझा भाऊ कागदावर राहणारच आहे तर रिकामा कशाला ठेवायचा? तू हो."

रस्त्यावरून कुणीतरी पंख्याचं काय झालं म्हणून विचारत होतं. तिचा मुलगा सोमवारी या म्हणाला. मी ज्याला चोर ठरवून आलो होतो, त्याला हे घर तिनेच हातावर ठेवलं होतं.

"मग ते परत कधीच का आले नाहीत?"

"जाताना विचारलं त्याने, ताई, अधूनमधून येऊ का? मी नको म्हटलं. तू दारात उभा राहिलास की मला तो गेलेला आठवेल म्हटलं." तिने नक्कल मांडीवर सारखी केली. "शब्द पाळला त्याने. एवढा पाळायचा नव्हता."

वडील जाईपर्यंत पन्नास वर्षं दोघं एकाच गावात, वीस मिनिटांवर. माझ्या शाळेच्या अर्जाला वडिलांनी हात का लावला नाही, तेही मला तेव्हा कळलं. एकदाच त्यांनी पानाला वाकडा हात लावला होता, तो परत लागू नये म्हणून त्यांनी जन्मभर काळजी घेतली. आम्हाला वाटायचं, माणूस तऱ्हेवाईक आहे.

मला वाटलं धक्के संपले. आत्याने नक्कल घडी करून माझ्या हातात दिली.

"आता ती ओळ लिही."

"काय?"

"तिसरी ओळ. त्यासाठीच अर्ज केला होता मी. लिहिली नसेल तर लिहून घ्यायची होती."

मी म्हटलं की, आत्या, ती ओळ लिहिली की माझे वडील कुठेच राहत नाहीत. चार वर्षांचा मुलगा मेला म्हटल्यावर नोकरी कुणी केली, लग्न कुणी केलं, मी कुणाचा? माझा आवाज चढला होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईवर ओरडतोय हे कळत होतं, तरी थांबवत नव्हतं.

तिचा आवाज चढला नाही. "तुझा बाप तुझ्या घरात भिंतीवर आहे. तुझ्या तोंडात आहे. माझ्या धाकट्याचं काय आहे? कागदावर त्याने नोकरी केली, संसार केला, एकाहत्तराव्या वर्षी मेला. चार वर्षांचा होऊन तापात गेला तो कुठेच नाही. मी गेले की त्याच्यासाठी रडलेलं कुणी उरणार नाही. तुझ्या बापाला दिलं ते मी परत मागत नाही रे. त्याला भाऊ म्हटलं ते म्हटलं. पण दोन भाऊ होते मला. दोघांची मरणं लिहा."

घरी जाताना मी एक बस चुकवली आणि दुसरीत चढून उलट दिशेने गेलो.

शनिवारी मी सगळं साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी तुकडे पाहिले, पान पाहिलं, डोकं खाजवलं. मूळ तुकडा हाच पुरावा आहे, ओळ गाळलेली आहे, भरावीच लागेल म्हणाले. वडिलांच्या फाइलचं काय विचारलं, तर मेलेल्याची फाइल मी उघडत नाही म्हणाले. मग पान माझ्याच टेबलावर आणून ठेवलं.

"तुम्हीच लिहा. या खोलीत तुमच्याइतका सरळ हात कुणाचा नाही. आणि आता तर काही अडचणही नाही. हे तुमचं घर नाहीच, हे सिद्धच झालंय."

ते बोलले त्यात चुकीचं काही नव्हतं. नियमाप्रमाणे मला ते पान लिहायला काडीची हरकत नव्हती. वडिलांनी लिहिलं तेव्हा त्यांनाही नव्हती.

मी पेनाचं टोपण काढलं. कोरी जागा समोर होती, एक बोट रुंद. वरच्या दोन ओळींवर वडिलांची शिरोरेघ होती, तिच्याखाली माझी बसली असती, अगदी बेमालूम. खाटेवर बसून या कोऱ्या जागेवर बोट ठेवणारी आत्या डोळ्यांपुढे दिसत होती. सगळी टेबलं माझ्याकडे बघत होती आणि सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरले होते.

मी टोपण परत लावलं आणि पान शेजारच्या टेबलाकडे सरकवलं.

"भिंगताई, तुम्ही लिहा," मी म्हणालो. "घरचं पान आहे."